बाजारगेट ते चर्चगेट

बँकेतल्या नोकरीमुळे मुंबईचा फोर्ट माझ्या पायाखालचा झाला. निवृत्तीनंतर मी तिथे लोकांना फिरवते. सुरुवात सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातून करते, कारण जुन्या तटबंदीचा एक तुकडा तिथे शिल्लक आहे. फोर्टच्या उत्तर टोकाला १७६९ साली बांधलेल्या जॉर्ज किल्ल्याची ती भिंत. मी प्रत्येकाला त्या दगडांना हात लावून बघायला सांगते. बाकीचा कोट मनानेच उभा करावा लागतो.

गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१६च्या सुमारास शहराभोवतीचा तट पुरा केला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: उत्तरेला बाजारगेट, पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट. १७३९मध्ये मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांनी वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. तटाबाहेर खंदक खणायचे ठरले. गावातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढली. तोफांना समोर आडोसा नको म्हणून तटाबाहेरची झाडे आणि घरेही हटवली गेली.

रुग्णालयातून निघून आम्ही बाजारगेट स्ट्रीटला, म्हणजे आजच्या पेरीन नरीमन स्ट्रीटला लागतो. कोटाच्या या उत्तर भागात पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी दाटीने राहत. इंग्रजांची वस्ती दक्षिणेला. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी इथे मोठी आग लागली आणि गावाचा फार मोठा भाग जळाला. मग पुष्कळ लोकांनी तटाबाहेर घरे बांधली. तटाबाहेरचे मोकळे मैदान आणखी रुंद केले गेले आणि देशी मुंबई त्याच्या पलीकडे वाढू लागली. इथून जवळच बनाजी लिमजींची १७०९ची अग्यारी आहे. त्या आगीत ती जळाली आणि पुढे पुन्हा बांधली गेली.

पुढे हॉर्निमन सर्कल. एके काळी इथल्या हिरवळीवर कापसाचे गठ्ठे रचलेले असत. शेजारचे सेंट थॉमस चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. चर्चगेटला नाव त्याच्यामुळे मिळाले, आणि शहरातल्या मैलांच्या दगडांवरचे अंतर मोजले जाई तेही इथपासूनच.

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर याने तट पाडायला घेतला. शत्रूची भीती सरली होती, आत श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात लोटत होता. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली आले ते याच धामधुमीत. तट गेला, पण त्याच्यापुढची मोकळी जागा सगळी बांधून काढली गेली नाही. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने तिचेच उरलेले भाग. मुंबईची पोरे आज जिथे क्रिकेट खेळतात ती जमीन तोफांसाठी मोकळी केलेली होती, हे सांगितले की माझ्यासोबतचे लोक थबकतात. मला ते थबकणे हवे असते. या मैदानांचा तुकडाही आता कुणाला देता कामा नये.

फेरी मी फ्लोरा फाउंटनपाशी संपवते. चर्चगेटचा दरवाजा होता त्याच जागी १८६४ साली हे कारंजे उभे राहिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर इथे गोळीबार झाला. कारंज्याशेजारचे हुतात्मा स्मारक त्या लढ्यात गेलेल्यांचे आहे. मराठ्यांना बाहेर ठेवण्यासाठी ज्या कोटाभोवती खंदक खणला, त्याच्याच वेशीवर मराठी माणसांनी या शहरासाठी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. फोर्टचा इतिहास इंग्रजांच्या इमारतींपुरता सांगणाऱ्यांनी या चौकात जरा जास्त वेळ उभे राहावे.