दंतमुकुट आणि सोन्याचा भाव : पदार्थनिवडीचा एक ऐतिहासिक मागोवा

किडलेल्या अथवा झिजलेल्या दातावर बसविल्या जाणाऱ्या आवरणास दंतवैद्यकात ‘क्राउन’ व व्यवहारात ‘कॅप’ असे संबोधले जाते. ते कोणत्या पदार्थाचे असावे, हा प्रश्न सर्वस्वी वैद्यकीय मानला जातो. विसाव्या शतकाचा इतिहास पाहता मात्र या निवडीत सोन्याच्या बाजारभावाचा वाटा फार मोठा होता, असे दिसते.

१९०७ मध्ये अमेरिकन दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत सोने ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली. तत्त्व जुनेच होते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त धातुमूर्ती घडविण्यासाठी तेच वर्णिले आहे. सोन्याचा मिश्रधातू गंजत नाही, कडेशी चपखल बसतो आणि समोरच्या दाताची झीज फारशी करीत नाही. उणीव रंगाची. डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्सेलीनचे आवरण तयार केले (विख्यात वैमानिक लिंडबर्ग हे त्यांचे नातू). ते दिसावयास सुंदर, परंतु ठिसूळ असल्याने दाढांवर टिकत नसे.

१९६२ च्या वाइनस्टाइन यांच्या एकस्वांनी यावर तोड काढली. तापल्यावर धातूच्या प्रमाणातच प्रसरण पावणारे पोर्सेलीन सिद्ध झाल्यामुळे ते तडा न जाता सुवर्णमिश्रधातूवर भाजता येऊ लागले.

तथापि १९३४ पासून औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला सोन्याचा सरकारी दर १९७१ मध्ये अमेरिकेने सोडला, आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरच्या घरात गेला. प्रयोगशाळा निकेल-क्रोमियमकडे वळल्या. हा धातू स्वस्त व कणखर खरा. पण निकेलची ॲलर्जी असणाऱ्या रुग्णांना तो बाधतो. शिवाय ओतकाम सुलभ व्हावे म्हणून काही मिश्रधातूंत बेरिलियम मिसळले जाई. घासकामात उडणारी त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचा असाध्य विकार जडू शकतो. सोन्याची बचत रुग्णाच्या पदरात पडली, तरी हा धोका दंततंत्रज्ञाच्या वाट्यास आला. पदार्थनिवडीच्या चर्चेत त्याचा विचार क्वचितच होतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकाच्या साहाय्याने कोरलेला झिर्कोनिया पुढे आला. तो धातुविरहित व दाढांचा दाब सोसणारा आहे. मात्र समोरच्या दातांसाठी त्याची पारदर्शकता वाढविली, की मजबुती घटते.