चर्नी रोडचे गवत आणि चेंबूरची सळई : घडीव गोल्फ-आयर्नच्या मापाचा इतिहास

१/१८
गिरगावकरांच्या रोजच्या वाटेवरचे स्थानक म्हणजे चर्नी रोड. या नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती 'चरणे' या क्रियापदाशी जोडली जाते. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर शहरातली गुरे चरत असत. १८३८ मध्ये कंपनी सरकारने या चराईवर शुल्क बसवले. ते गरिबांना परवडेना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकूरद्वाराजवळची समुद्रालगतची जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेऊन गुरांना मोफत खुली केली, असे सांगितले जाते. गवतालाही मालक असतो आणि मोल असते, हे गिरगावच्या परिसराला त्या काळी कळले.

२/१८
त्यानंतर चारच वर्षांनी, १८४२ मध्ये, याच मुंबईत गवताचा एक वेगळा उपयोग संघटितपणे सुरू झाला. शहरातल्या युरोपीय रहिवाशांनी गोल्फ क्लब स्थापन केला. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबईचा क्लब त्या मागोमागचा. म्हणजे अमेरिकेत हा खेळ रुजण्याच्या कितीतरी आधी तो हिंदुस्थानच्या दोन बंदरांत खेळला जात होता. कारणही उघड आहे : कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसांचा भरणा मोठा होता.

३/१८
या जुन्या नात्याची एक खूण आजही स्कॉटलंडमध्ये आहे. सेंट अँड्र्यूज येथील 'रॉयल अँड एन्शंट' ही गोल्फच्या जगातली सर्वांत मानाची संस्था. तिच्या सभासदांच्या वसंत ऋतूतील स्पर्धेत पहिल्या येणाऱ्याला 'सिल्व्हर क्रॉस' मिळतो आणि दुसऱ्या येणाऱ्याला 'बॉम्बे मेडल'. हे रौप्यपदक मुंबईच्या गोल्फपटूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात भेट दिलेले. मुंबईचे नाव तिथे पोहोचले. मुंबईकराच्या हातात मात्र गोल्फची काठी यायला बराच काळ जायचा होता.

४/१८
त्या काळच्या काठ्या बहुतांशी लाकडीच असत. लोखंडी तोंडाच्या काठीला, म्हणजे 'आयर्न'ला, खेळाडू जपून हात घालीत. कारण चेंडू. चामड्याच्या लहानशा पिशवीत उकळून मऊ केलेली पिसे ठासून भरायची आणि ती शिवायची, असा तो चेंडू. कसबी कारागिराला दिवसाकाठी मोजकेच चेंडू जमत, त्यामुळे ते महाग पडत. लोखंडाचा एक तिरपा घाव बसला की शिवण उसवे. म्हणून आयर्न निघे ते चेंडू गाडीच्या चाकोरीत किंवा वाळूत रुतल्यावरच.

५/१८
१८४८ च्या सुमारास हे चित्र पालटले. मलाया द्वीपकल्पातील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचे चेंडू बाजारात आले. ते स्वस्त होते, लोखंडाच्या घावाने फाटत नसत आणि चेपलेच तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा गोल करता येत. हेच गटापर्चा समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर वेष्टन म्हणून वापरले जाई. १८७० मध्ये मुंबई ज्या केबलने लंडनशी जोडली गेली, तिच्यातही तेच होते. एका झाडाच्या चिकाने साम्राज्याचे निरोप वाहिले आणि लोहाराला गोल्फमध्ये कायमची जागा मिळवून दिली.

६/१८
आयर्नची मागणी वाढली, तसे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे काही लोहार याच कामात पारंगत झाले. त्यांना 'क्लीकमेकर' म्हणत. पद्धत कोणत्याही गावच्या लोहारसाळेत शोभावी अशी. भट्टीत लोखंडाची पट्टी लाल करायची, ऐरणीवर घण घालून एका टोकाला पाते चपटे करायचे, दुसरे टोक गजाभोवती वळवून त्याची पोकळ नळी करायची. त्या नळीत अमेरिकेतून आलेल्या हिकरी लाकडाचा दांडा बसे आणि आरपार खिळा मारून तो पक्का केला जाई.

७/१८
प्रत्येक लोहार पात्याच्या पाठीवर आपली मुद्रा उमटवी. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टची खूण म्हणजे तंबाखू ओढायची चिलीम. त्याच गावच्या रॉबर्ट काँडीचे गुलाबाचे फूल, तर लेव्हनच्या जॉर्ज निकोलचा हाताचा पंजा. शिलाहार-यादवांची नाणी लांच्छनावरून ओळखणाऱ्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. जुन्या वस्तूंचे संग्राहक आजही या मुद्रांवरून आयर्नचा कर्ता ओळखतात आणि काळाचा अंदाज बांधतात.

८/१८
पण आयर्नचे मोल केवळ घडणीत नव्हते. ते मापात होते. एकाच लोहाराने घडवलेल्या दोन काठ्या दोन माणसांच्या हातात सारख्या चालत नाहीत. याला कारण तीन-चार मापे. पाते मागे किती कललेले आहे, हा 'लॉफ्ट'. त्यावर चेंडूची उंची ठरते. जमिनीवर पाते सपाट टेकवले असता दांडा जमिनीशी कोणता कोन करतो, हा 'लाय'. शिवाय दांड्याची लांबी, त्याची लवचीकता आणि मुठीची जाडी.

९/१८
यात सर्वांत फसवा 'लाय'. कोन माणसाच्या मानाने जास्त उभा असेल, तर फटक्याच्या क्षणी पात्याची टाच आधी जमिनीला लागते, तोंड डावीकडे वळते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डाव्या बाजूस जातो. कोन जास्त निजलेला असेल, तर टोक रुतते आणि चेंडू उजवीकडे सुटतो. खेळाडू मात्र दोष स्वतःच्या हाताला देतो, मनगट वाकडे करून तो लपवतो आणि वर्षानुवर्षे चुकीच्या काठीसाठी आपले शरीर वाकवत राहतो.

१०/१८
म्हणून माप घेताना केवळ उंची विचारून भागत नाही. दोन माणसे सारख्याच उंचीची असली, तरी एकाचे हात गुडघ्याकडे झुकलेले आणि दुसऱ्याचे आखूड असू शकतात. खरे माप म्हणजे सरळ उभे राहून हात सैल सोडले असता मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर. त्यानंतर प्रत्यक्ष फटका मारायला लावून पात्याचा तळ जमिनीवर कुठे घासतो ते पाहायचे. शिंपी उभ्या माणसाचे माप घेतो. इथे हलत्या माणसाचे घ्यावे लागते.

११/१८
इथेच घडीव लोखंडाचा गुण कामी येतो. कमी कार्बनचे मऊ पोलाद ऐरणीवर घडवले की त्याची नळी नंतरही पकडीत धरून अंशा-दोन अंशांनी वाकवता येते आणि ती तुटत नाही. साच्यात ओतलेले कठीण पोलाद सहसा इतके ऐकत नाही. हिकरीचा दांडाही कारागीर काचेच्या तुकड्याने किंवा कानशीने तासून गिऱ्हाइकाच्या हाताला जुळेल इतका लवचीक करी. काठी विकली गेल्यावरही तिचे घडणे संपत नसे.

१२/१८
हातमापाच्या या युगाचा कळस म्हणजे अमेरिकेचा हौशी खेळाडू बॉबी जोन्स. त्याच्या आयर्नवर टॉम स्टुअर्टची चिलीम होती. एकेक काठी केवळ हाताला येणाऱ्या अंदाजाने निवडून त्याने आपला संच जमवला आणि १९३० मध्ये एकाच वर्षी त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. पुढे यंत्रावर त्या संचाचा तोल तपासला, तेव्हा एक आयर्न वगळता साऱ्या काठ्या परस्परांशी जुळल्या, अशी हकीकत सांगतात. आणि ते एकच आयर्न त्याला नेहमी त्रास देत असे!

१३/१८
याच सुमारास ते युग संपत होते. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली. कारखान्यातून एकसारखे संच निघू लागले. 'मॅशी', 'निब्लिक' अशी जुनी नावे जाऊन क्रमांक आले. संच इतके फुगले की १९३८-३९ मध्ये चौदा काठ्यांची मर्यादा घालावी लागली. एका सरासरी माणसाची कल्पना करून माप ठरले, आणि त्या सरासरीत न बसणाऱ्याने आपले शरीर जुळवून घ्यावे, हा अलिखित नियम झाला.

१४/१८
माप पुन्हा माणसाकडे आणण्याचे श्रेय मोठ्या अंशी कार्स्टन सोलहाइम या अभियंत्याकडे जाते. त्याच्या 'पिंग' कंपनीने १९७२ मध्ये रंगीत ठिपक्यांची पद्धत आणली. खेळाडूची उंची आणि मनगट-ते-जमीन अंतर तक्त्यावर पाहायचे आणि त्यानुसार ठरावीक 'लाय'चा रंग निवडायचा. गंमत अशी की त्याचे आयर्न घडीव नव्हते, ओतीव होते. लोहाराची नजर तक्त्यात उतरली, ती लोहाराशिवाय.

१५/१८
जपानमध्ये लोहार टिकला. ह्योगो प्रांतातील हिमेजीच्या परिसराला तलवारी घडवण्याची जुनी परंपरा आहे, आणि घडीव आयर्नसाठी तोच परिसर आज जगात नावाजला जातो. आपल्याकडचे मिरजेचे उदाहरण याच जातीचे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तिथल्या शिकलगारांनी सतार आणि तंबोरा हाती घेतला. गायकाच्या स्वराप्रमाणे तंबोऱ्याची जवारी घासून देणारा हात हा पात्याला धार लावणाऱ्या हाताचाच वारस. राज्ये जातात, माप ओळखणारी बोटे दुसरे काम शोधतात.

१६/१८
मुंबईत या खेळाची दारे उशिरा आणि अर्धवट उघडली. हिंदी माणसांना गोऱ्यांच्या क्लबांत मज्जाव होता. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ मध्ये दोघांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब काढला. त्याचे मैदान गिरगावपासून फार दूर नाही. १९२७ मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आला. सभासद बदलत गेले, पण पिशवी वाहणारा कॅडी तोच राहिला. साहेबाला कोणत्या अंतरावर कोणते आयर्न लागते हे त्याला अचूक ठाऊक. त्याच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मात्र कोणी मोजले नाही.

१७/१८
तरीही ही माणसे खेळली. कॅडी म्हणून सुरुवात करणाऱ्या अली शेर यांनी १९९१ मध्ये दिल्लीत इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. आणि चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्तीत कॅडींनी व तिथल्या मुलांनी आपला वेगळाच गोल्फ उभा केला. लोखंडी सळई वाकवून केलेली काठी, प्लॅस्टिकचा चेंडू आणि घरांच्या मधल्या अरुंद गल्ल्या. देशोदेशीच्या पत्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी या खेळाची नोंद घेतली आहे.

१८/१८
या सळईवर चिलीम नाही, गुलाब नाही, रंगीत ठिपकाही नाही. तंत्राच्या कसोटीवर ती उत्तम आयर्न ठरणार नाही, आणि तिच्या मागची गरिबी कौतुकाने झाकली जाऊ नये. पण घडवणारा आणि खेळणारा एकाच गल्लीतले असल्यामुळे तिथे सरासरी माणसाचे माप नसते. १८३८ मध्ये प्रश्न होता, गवत कोणाचे? जमशेटजींनी त्याचे उत्तर पैसे मोजून दिले. माप कोणाचे घ्यायचे, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. मैदानाच्या कुंपणाबाहेर वाकवलेली प्रत्येक सळई तो पुन्हा विचारते.