बंद घराचा विमा

बंद घराचा विमा : मालक किंवा भाडेकरू राहत नसलेल्या, कुलूप लावून ठेवलेल्या घराला आग, वादळ, पूर, चोरी अशा संकटांपासून मिळणारे विमासंरक्षण. भारतात यासाठी सहसा वेगळी पॉलिसी घेतली जात नाही. नेहमीच्याच गृहविम्यात घर किती दिवस बंद राहिले तर चालेल याची एक अट असते आणि बहुतेक वाद तिच्यावरूनच होतात. ब्रिटनमध्ये मात्र रिकाम्या घरांसाठी स्वतंत्र पॉलिसी विकल्या जातात. तिथल्या साध्या गृहविम्यात ही मुदत बहुधा 30 किंवा 60 दिवसांची असते.

विमा कंपन्या बंद घराला बिचकतात, कारण तिथली हानी वेळेवर कळत नाही. राहत्या घरात वायर जळाल्याचा वास कुणाच्या तरी नाकाला लगेच लागतो. टाकी भरून वाहू लागली तर कुणी तरी उठून नळ बंद करते. बंद फ्लॅटमध्ये तेच पाणी पंधरा दिवस वाहते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला पोपडे आल्यावर मालकाचा फोन नंबर शोधायला सुरुवात होते. चोरालाही घाई नसते. म्हणून घर किती दिवस बंद होते याइतकाच, मध्ये कुणी फिरकत होते का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. पॉलिसीत अट दिवसांची लिहिलेली असते. देखरेखीचा उल्लेख क्वचितच सापडतो.

ही अट जुनी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या 1943 च्या प्रमाण अग्निविमा पॉलिसीत इमारत सलग 60 दिवसांपेक्षा जास्त काळ रिकामी राहिल्यास त्या अवस्थेत झालेल्या हानीची जबाबदारी कंपनीवर नसे. पुढे अमेरिकेतल्या इतर राज्यांनीही हा नमुना उचलला. भारतात 2001 च्या अखिल भारतीय अग्निविमा दरपत्रकातल्या पॉलिसीत मुदत 30 दिवसांची होती : विमा उतरवलेली इमारत त्याहून अधिक काळ वापराविना राहिली, तर तिच्यापुरता विमा लागू राहत नसे. सुटकेची वाट त्याच कलमात होती. हानी होण्याआधी कंपनीला कळवून पॉलिसीवर तसा शेरा, म्हणजे एंडोर्समेंट, करून घ्यायचे. 2020 च्या टाळेबंदीत कारखाने आणि कचेऱ्या महिना उलटूनही बंद राहिल्या, तेव्हा अनेकांनी हे कलम पहिल्यांदाच नीट वाचले.

घरांसाठी 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. तिच्यात आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याच्या टाक्या व पाइप फुटणे ही संकटे धरली आहेत. विमा रक्कम बाजारभावावर ठरत नाही. घर पुन्हा बांधायला येणारा खर्च हा तिचा आधार असतो. जमिनीची किंमत त्यात येत नाही. 600 चौरस फुटांचे घर दर फुटाला 2,000 रुपये खर्चून उभे राहणार असेल, तर विमा रक्कम 12 लाख रुपये. घरातल्या सामानाला वेगळी यादी न देताही इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. वरच्या उदाहरणात ते 2 लाख 40 हजार होईल. घराच्या वापरात बदल झाला तर तो कंपनीला कळवणे विमेदाराचे काम आहे.

बंद घराच्या मालकाला सर्वांत जास्त भीती असते ती चोरीची, आणि नेमकी तीच या पॉलिसीत जवळजवळ नाही. पूर, आग यांसारखे विमा असलेले संकट आले आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच भरपाई मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तिथल्या अटी आणखी कडक असून काही पॉलिसींत जागा सलग सात दिवस व रात्री निर्मनुष्य राहिली तरी अडचण येते. शिवाय घरफोडी म्हणजे बळाचा वापर करून झालेला प्रवेश. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका प्रकरणात पॉलिसीतली व्याख्या तंतोतंत धरली आणि बळाचा वापर नसलेल्या चोरीचा दावा मान्य केला नाही. त्यामुळे सर्व्हेयर आला की आधी कडी-कोयंडा पाहतो. उचकटलेल्या चौकटीची ताजी ढलपी फिकट दिसते, पावसाळा सोसलेली काळवंडलेली असते. घरफोडी परवाची की चार महिन्यांपूर्वीची, याचा अंदाज तिथेच येतो. दुसरा पुरावा वीजबिलाचा. ओळीने पाच महिने नगण्य युनिट दाखवणारे बिल हातात असताना ‘आम्ही येऊन-जाऊन राहत होतो’ हे पटवणे कठीण जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन ठिकाणी ठळक दिसतो. पहिले, शहरांतले फ्लॅट. केंद्र सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत 2011 च्या जनगणनेच्या आधारे शहरी घरांपैकी सुमारे 12 टक्के रिकामी असल्याची नोंद होती. महाराष्ट्रातला आकडा सुमारे 20 लाख, म्हणजे देशात सर्वाधिक. सोसायटीने इमारतीचा विमा उतरवलेला असला, तरी तो सहसा इमारतीच्या सांगाड्यापुरता असतो. फ्लॅटमधले फर्निचर आणि खालच्या घराला आपल्या गळतीने पोहोचलेला उपद्रव त्यात येईलच असे नाही. शेजाऱ्याच्या नुकसानीसाठी त्रयस्थ दायित्वाचे जोडसंरक्षण घ्यावे लागते. हप्ता फार नसतो, तरी ते घेणारे थोडेच.

दुसरे ठिकाण कोकण. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर चाकरमान्यांची घरे कुलपात असतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर परिसरात माड-पोफळी घरांवर कोसळल्या, कौले उडाली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. मालक मात्र टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेले. वादळाची हानी पॉलिसीत येते. पण उघड्या पडलेल्या छपरातून पुढे अख्खा पावसाळा पाणी आत येत राहिले, भिंती भिजून खचल्या, तर ही दुसरी हानी वादळाची की दुर्लक्षाची, यावर वाद होतो. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे विमेदाराचे कर्तव्य मानले जाते. ताडपत्री टाकल्याचा फोटो आणि मजुरीची पावती इथे उपयोगी पडते. वासे पोखरणारी वाळवी, जुनी गळती, कालमानाने आलेली झीज यांची भरपाई मात्र कुठेच मिळत नाही. बंद कोकणी घराचे खरे वैरी हेच असतात, हे विम्याचा विचार करताना लक्षात ठेवलेले बरे.

तिथली आणखी एक गुंतागुंत मालकीची. घर आजोबांच्या नावावर, घरपट्टी एका काकांच्या नावाने येते, हिस्सेदार सात-आठ. विम्यासाठी मालमत्तेत विमायोग्य हितसंबंध असावा लागतो. तो सहहिस्सेदाराला असतो, पण फक्त आपल्या हिश्श्यापुरता. एकट्या पुतण्याने हौसेने पॉलिसी काढली आणि पुढे घर जळाले, तर पैसे कुणाच्या नावाने द्यायचे यावर दावा रेंगाळतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर वारसांची नावे चढवून घेणे आणि पॉलिसीत सर्वांची नावे घालणे हा त्यावरचा उपाय. तो सोपा आहे असे कोकणात भाऊबंदकी पाहिलेला कुणी म्हणणार नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना हीच अट उलट बाजूने भेटते. न्यू जर्सीतले घर बंद करून हिवाळ्याचे दोन-तीन महिने पुण्यात घालवणाऱ्यांनी हीटिंगही चालू ठेवले नाही आणि पाणी बंद करून पाइपही रिकामे केले नाहीत, तर गोठून फुटलेल्या पाइपची भरपाई अमेरिकेतल्या प्रचलित गृहविम्यात नाकारली जाऊ शकते. तिथे सामानासह तात्पुरते सोडलेले घर आणि सामान हलवून पूर्ण रिकामे केलेले घर यांत फरक करतात. तोडफोडीची हानी नाकारण्याचे 60 दिवसांचे कलम दुसऱ्या प्रकाराला लागते.

पॉलिसी घेताना प्रस्तावपत्रात घर बंद असते हे लिहून देणे आणि कंपनीचे उत्तर लेखी, निदान ईमेलवर, मिळवणे आवश्यक ठरते. एजंटने ‘काही होत नाही’ असे तोंडी सांगितले, तर दाव्याच्या वेळी त्याला किंमत नसते. गावात चावी ज्याच्याकडे असते त्याने महिन्यातून दोनदा दार उघडून तारखेसह फोटो पाठवले, तर हानी कधी झाली हे दाखवायला त्यांचा आधार होतो. हानी झाल्यावर तलाठ्याचा पंचनामा, चोरी असेल तर पोलिसांतली फिर्याद आणि कंपनीला तत्काळ सूचना ही कागदपत्रे लागतात. सरकारी मदतीचा पंचनामा वेगळा आणि विमा सर्व्हेयरचा अहवाल वेगळा. एक झाला म्हणजे दुसरा झाला असे नसते. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत.