निव्वळ मत्तामूल्य आणि समभागाचा भाव : मुंबई व ठाणे-बेलापूर परिसरातील काही प्रसंग

‘भाव’ आणि ‘मूल्य’ हे दोन शब्द मराठी व्यवहारात बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. समभागांच्या बाबतीत मात्र त्या दोहोंतील अंतर हाच सारा वादविषय होय. भाव बाजारात ठरतो. मूल्य ताळेबंदावरून काढावे लागते. कंपनीच्या एकूण मत्तेतून सर्व देणी व अग्रहक्क भागांचे भांडवल वजा करून बाकीस समभागांच्या संख्येने भागले म्हणजे निव्वळ मत्तामूल्य मिळते. मत्ता १० कोटींची, देणी ४ कोटींची आणि समभाग १० लाख असतील, तर प्रत्येक समभागामागे ६० रुपये येतात. तो ४० रुपयांस मिळत असल्यास स्वस्त आणि ९० रुपयांस महाग, हा निर्णय वरवर पाहता निर्विवाद वाटतो. परंतु मत्ता १० कोटींची कोणत्या सालच्या किमतीने, हा प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतो; आणि मुंबईच्या भांडवल-बाजाराचा इतिहास पाहता सारे तंटे त्या प्रश्नापाशीच येऊन थांबलेले दिसतात.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हा १८६४ साली बॅकबे भरावाची कंपनी निघाली. ५,००० रुपये भरलेल्या तिच्या भागाचा भाव सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला. जी जमीन मोजावयाची ती अद्याप समुद्राखाली होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपुष्टात आले, कापूस कोसळला, आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी अनेक पेढ्या बुडाल्या.

याच्या अगदी उलट टोकाची व्यवस्था स्वतंत्र भारतात आली. भांडवल उभारणी (नियंत्रण) अधिनियम, १९४७ अन्वये नव्या समभागांचा भाव सरकारी नियंत्रक संमत करीत असे. त्यासाठी निव्वळ मत्तामूल्य आणि नफ्याच्या क्षमतेवरून काढलेले मूल्य यांची सरासरी आधारभूत धरण्याची पद्धत रूढ झाली. उत्पादक कंपन्यांचा करोत्तर सरासरी नफा १५ टक्के दराने भांडवलात रूपांतरित करीत, व्यापारी कंपन्यांचा २० टक्के दराने. पद्धत नेमकी होती, पक्षपातास वाव कमी ठेवणारीही होती. तथापि मत्ता मोजली जाई ती पुस्तकी किमतीने, म्हणजे मूळ खरेदीतून घसारा वजा जाता उरणाऱ्या आकड्याने. चलनवाढीच्या काळात हा आकडा वास्तवाच्या मागे पडणे अपरिहार्यच होते. परिणामी नवा समभाग बाजारभावाहून बऱ्याच कमी दराने मिळे, अर्जांचा पाऊस पडे, आणि मधले अंतर जुन्या भागधारकांच्या पदरातून सुटून वाटपात नशीबवान ठरलेल्यांच्या पदरात पडे. कंपन्यांनाही अशा भांडवलापेक्षा कर्ज बरे वाटावे, यात नवल नाही.

१९९२ साली तोल एकदम दुसरीकडे गेला. हर्षद मेहता याने पुरस्कारिलेला ‘पुनःस्थापना-खर्चा’चा सिद्धान्त असा की, तशीच कंपनी आज नव्याने उभारावयास जो खर्च येईल त्या मानाने समभागाचे मूल्य ठरावे. असोसिएटेड सिमेंट कंपनीचा समभाग सुमारे २०० रुपयांवरून ९,००० रुपयांच्या घरात गेला, त्याचे समर्थन याच युक्तिवादाने केले गेले. पुस्तकी किमतीवरील आक्षेप त्यात योग्यच होता. परंतु जुनी भट्टी म्हणजे नवी भट्टी नव्हे, आणि जो कारखाना आज त्या खर्चात कोणी उभारणारच नाही, त्याचा खर्च मूल्य म्हणून धरणे हे तर्कदुष्ट होय. भाव ज्या पैशाने चढविला तो बँकांमधून कसा आला, हे एप्रिलमध्ये उघडकीस आले. मे महिन्यात नियंत्रकाचे पदही रद्द झाले. तो निर्णय उदारीकरणाच्या धोरणातील होता.

आजच्या नवी मुंबईत हा प्रश्न जमिनीच्या रूपाने उभा राहतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने भूखंड मिळाले, आणि ताळेबंदात ते त्या काळच्या अधिमूल्यानेच नोंदले गेले. भोवती शहर वाढल्यावर अशा कंपन्यांचे ‘खरे’ मत्तामूल्य पुस्तकी आकड्याच्या कित्येक पट आहे, असे दलाल सांगू लागले. या गणितात एक गोष्ट सहसा सुटते : भाडेपट्टा ही मालकी नव्हे. हस्तांतरास महामंडळाची संमती लागते, शुल्क द्यावे लागते आणि मुदतही सरत असते. त्या मर्यादा वजा केल्यावाचून बाजारभावाने धरलेली जमीन मत्तामूल्यास फुगवते. पुस्तकी किमतीने धरलेली ते दडपते.

सिडकोने १९७० नंतर संपादिलेल्या जमिनींबाबत तोच प्रश्न शेतकऱ्यांनी निराळ्या भाषेत विचारला. त्यांच्या हाती मोबदला पडला तो संपादनाच्या वेळच्या दराने. भूखंड विकले गेले ते विकसित शहराच्या दराने. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासई परिसरातील आंदोलनात ५ जण गोळीबारात मृत्यू पावले. पुढे जी योजना आली, तिच्यात संपादित क्षेत्राच्या १२.५ टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले. ती भरपाई रुपयांत नव्हती. वाढत्या मत्तेतील तो एक हिस्सा होता.