पक्षाचं दार कुणाचं?

मताधिकार कायद्याने मिळाला तरी मत निरुपयोगी कसं करून ठेवता येतं, याची एक गोष्ट आज आपण पाहणार आहोत.

आपल्याकडे तिकीट वरून मिळतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात, त्याला प्रायमरी म्हणतात. (आपल्याला हे अगदीच नवं नाही. १९३२च्या पुणे करारातही प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे, अशी सोय होती.) त्या काळी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षापुढे दुसरा पक्ष टिकतच नसे. जुलैची प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे नुसता उपचार.

१९२३ साली टेक्सासने कायदाच केला की या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत नाही. पुढच्या वर्षी एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन मतदान कराची पावती घेऊन केंद्रावर गेले. अधिकारी ओळखीचे. ते म्हणाले, डॉक्टर, तुम्हाला मत देता येणार नाही, हे तुम्ही जाणताच. जाणतो, पण प्रयत्न करायलाच हवा, असं त्यांनी उत्तर दिल्याचं सांगतात.

१९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निक्सन यांच्या बाजूने निकाल दिला. मग टेक्सासने युक्ती केली. कोणाला मत द्यायचं ते पक्षाची कार्यकारिणी ठरवेल, असा नवा कायदा आला. निक्सन पुन्हा लढले आणि १९३२मध्ये ५ विरुद्ध ४ असे जिंकले. आता पक्षाच्या अधिवेशनानेच ठराव केला: सदस्यत्व फक्त गोऱ्यांना. ह्यूस्टनचे एक केशकर्तनकार, ग्रोव्ही, कोर्टात गेले आणि १९३५मध्ये एकमताने हरले. पक्ष ही खाजगी संस्था, तिचे सभासद तीच ठरवणार!

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. पक्षात कोण असावं हे सरकार ठरवू लागलं तर विरोधी पक्षांचं काय होईल, विचार करा. पण आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दांच्या बाबतीत जरा संशयी असतो. ही कसली खाजगी संस्था, जिची निवडणूक राज्याच्या कायद्याने चालते आणि जिचा उमेदवार सरकारी मतपत्रिकेवर जातो?

१९४४मध्ये हे न्यायालयाला पटलं. दंतवैद्य लॉनी स्मिथ यांची बाजू थरगुड मार्शल यांनी मांडली. निकाल ८ विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांचं. १९३५चा निकाल त्यांनीच लिहिला होता. त्यांची तक्रार अशी, की आमचे निकाल आता त्याच दिवशी, त्याच गाडीला चालणाऱ्या रेल्वे तिकिटासारखे होतील. नऊ वर्षांत एकमताचा निकाल उलटलेला पाहून माणूस चिडणारच. त्या जुलैत निक्सन यांनी एल पासोत मत दिलं, २० वर्षांनी.

तरी दार आणखी एकदा मागे सरकलंच. फोर्ट बेंड काउंटीत जेबर्ड नावाची गोऱ्यांची संघटना १८८९पासून प्रायमरीच्याही आधी आपलं मतदान घेई. राज्याचा कायदा नाही, पैसा नाही. तिचा विजेता पुढे जवळजवळ नेहमीच निवडून येई. १९५३मध्ये न्यायालयाने हेही बेकायदा ठरवलं, पण कारणांवर बहुमत जमलं नाही. आम्हाला निकाल योग्य वाटतो. पण उद्या पाच मित्रांनी दिवाणखान्यात बसून उमेदवार ठरवला तर? रेघ कुठे ओढायची, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. प्रश्नोत्तरांत बोलू.