मेडोरा : उरलेल्या वास्तू आणि न उरलेला इतिहास

अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यात लिट्‌ल मिसुरी नदीकाठी मेडोरा हे अगदी लहान गाव आहे. गुरेपालनाच्या सरहद्दीवरील वस्तीचा नमुना म्हणून त्याचा निर्देश होतो. परंतु तेथील वास्तू ज्या इतिहासाची साक्ष देतात, तो गुरेपालनाचा इतिहास नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

1883 मध्ये मार्की द मोरेस ह्या फ्रेंच उमरावाने हे गाव वसविले व त्याला पत्नीचे नाव दिले. जिवंत गुरे शिकागोस पाठविण्याऐवजी ती येथेच कापून मांस बर्फाच्या डब्यांतून रेल्वेने पूर्वेकडे न्यावे, ही त्याची योजना. मक्यावर पोसलेल्या गुरांच्या मांसाला लाभलेली पसंती आणि शिकागोच्या व्यापाऱ्यांची स्पर्धा ह्यांपुढे ती टिकली नाही. 1886 मध्ये कत्तलखाना बंद पडला आणि 1907 मध्ये जळाला. त्याचे विटांचे धुराडे, मार्कीचा सव्वीस खोल्यांचा वाडा आणि 1884 चे सेंट मेरी चर्च मात्र उभे आहे. अर्थात् ह्या वास्तू एका फसलेल्या भांडवली साहसाच्या आहेत.

मग गुरेपालकांचे काय उरले? मोकळ्या कुरणांच्या त्या पद्धतीत कुंपण नव्हते. स्वामित्व सिद्ध होई ते जनावराच्या कातड्यावरील डागणीने. वसंतात सर्वांची गुरे एकत्र हाकून वासरांना डाग दिले जात. ज्या व्यवसायाचा दस्तऐवजच कातड्यावर, त्याला वास्तूंची गरज ती कोणती? 1886-87 च्या भीषण हिवाळ्यात असंख्य गुरे मेली आणि ती पद्धतीच मोडली.

थिओडोर रूझवेल्ट ह्यांची लाकडी ओंडक्यांची 'माल्टीज क्रॉस' कुटी ह्यास अपवाद दिसते. वस्तुतः ती टिकली मालकाच्या कीर्तीमुळे. ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ती 1904 मध्ये सेंट लुईच्या प्रदर्शनात नेण्यात आली आणि पुढे अनेक ठिकाणे फिरून 1959 मध्ये मेडोरास परतली. त्यांच्याच 'एल्कहॉर्न' रँचवरील घराचे पायाचे दगड तेवढे राहिले आहेत.

जेथे वास्तू मुक्या होतात, तेथे शब्द बोलतात. रँच, कोरल, लासो, रोडिओ हे शब्द मूळचे स्पॅनिश. हा व्यवसाय मेक्सिकोच्या गुराख्यांकडून टेक्सासमार्गे उत्तरेस आला, ह्याची नोंद मेडोराच्या कोणत्याही भिंतीवर नाही, पण भाषेत आहे. लाकोटा लोक ह्या उजाड टेकड्यांच्या प्रदेशाला 'माकोशिचा' म्हणजे 'वाईट भूमी' म्हणत. फ्रेंच व्यापाऱ्यांचे नाव त्याच अर्थाचे, आणि आजचे 'बॅडलँड्स' हेही तसेच. ज्यांच्या हातून ही भूमी गेली, त्यांची स्मृती अशी परक्या भाषेच्या पोटात राहिली आहे.

म्हणून संशोधकाने स्मारकांची यादी करताना एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा : ही वास्तू महत्त्वाची होती म्हणून टिकली, की टिकली म्हणून महत्त्वाची ठरली?