धुरावर चालणारा भाता

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मामांनी वापरून दिलेली एक जुनी, छोटी पेट्रोल मोटार त्याच्याकडे आहे. घरात वाहन म्हणाल तर तेवढे एकच. आजारी माणूस तालुक्याला न्यायचा तरी तीच गाडी, आणि बाजाराला जायचे तरी तीच. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, भंगारात एक टर्बो बघून ठेवलाय. बसवला की गाडी वाऱ्यासारखी पळेल. दोन रविवारचं काम आहे."

मी पडलो इतिहासाचा मास्तर. इंजिन मला उघडता येत नाही. पण एखाद्या वस्तूचा इतिहास ठाऊक असला, की ती कुठे फसते हेही कळते. म्हणून त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

लोहाराचा भाता तुम्ही पाहिलाच असेल. कोळसा तोच, पण भाता मारला की आच वाढते. कारण वारा वाढतो. इंजिनाचेही तसेच आहे. नुसते पेट्रोल अधिक ओतून भागत नाही. ते जाळायला हवा लागते, आणि साधे इंजिन आपल्या पोटात मावेल तेवढीच हवा ओढते. मग इथे भाता मारायचा कोणी?

स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने यावर उपाय शोधला आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंधनाची सुमारे एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर फुकट जाते. त्या धुराच्या झोतावर एक चाक फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक लावावे, आणि त्या चाकाने हवा दाबून इंजिनात कोंबावी, अशी ही कल्पना. टर्बोचार्जर म्हणतात तो हाच. कल्पना कागदावर आली खरी, पण तिला बोटीवर चढायला वीस वर्षे लागली. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास 'प्रॉइसेन' आणि 'हान्झेस्टाट डान्झिग' या दोन जर्मन उतारू बोटींच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसला, आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले.

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमानांची एक अडचण पुढे आली होती. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला धाप लागे. अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस या इंजिनिअरने १९१८ साली एक विमानी इंजिन पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर चढवले. उंची सुमारे १४,१०० फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर जेमतेम २३० देऊ लागले. टर्बो जोडला, आणि आकडा ३५६ वर गेला!

आता मोटारीकडे येऊ. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी दोन टर्बो गाड्या विक्रीस आणल्या. तिथल्या अवाढव्य गाड्यांच्या मानाने या दोन्ही लहान गणल्या जात. एक ओल्ड्समोबिलची 'जेटफायर', दुसरी शेव्हरोलेची 'कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर'. या दोघींची गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे.

इंजिन हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबते आणि मग ठिणगी पाडते. त्यात टर्बोने आधीच दाबलेली, तापलेली हवा आत आली, तर मिश्रण भलत्याच वेळी भडकते. खाडखाड आवाज येतो. मिस्त्री म्हणतात, इंजिन नॉक करतेय. हे ठोके फार झाले तर पिस्टनला भोक पडते. जेटफायरचे इंजिन मुळातच मिश्रण सवादहा पट दाबणारे होते. तो दाब तसाच ठेवून कंपनीने तोड काढली ती अशी, की पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायचे, म्हणजे आतली आग थंड राहील. तोड नामी होती. पण टाकी भरायची कोणी? पुष्कळ मालकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की गाडीचा जोर आपोआप कमी होई, आणि मालक कुरकुरत. दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी गाड्या निघाल्या आणि जेटफायर बंद पडली. पुढे टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोय खुद्द कंपनीलाच करावी लागली!

कॉर्व्हेअरवाल्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी दाब आठ पटींवर ठेवला. क्रँकशाफ्ट अधिक चिवट पोलादाचा केला, कनेक्टिंग रॉड भक्कम केले, धूर सोडणारे व्हॉल्व्ह अधिक उष्णता सोसणारे घातले. म्हणजे आधी घर मजबूत केले आणि मग पाहुणा बोलावला. १०२ अश्वशक्तीच्या जागी १५० मिळाली, आणि टर्बो कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत निघत राहिली. पुढे १९७७ साली स्वीडनच्या 'साब ९९ टर्बो'ने आणखी एक शहाणपण दाखवले. हवेचा दाब ठरल्यापलीकडे जाऊ लागला, की जादा धूर बाजूने सोडून देणारी झडप तिने वापरली.

एवढे सांगून मी त्या मुलाला विचारले, "आता सांग, तुझी गाडी जेटफायर व्हायची की कॉर्व्हेअर?"

तो गप्प झाला. मग आम्ही दोघे ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टर्बोचे नावही काढले नाही. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. चारांपैकी एक सिलिंडर साफ उतरलेला! मिस्त्री म्हणाले, "पोरा, ज्याला जिना चढवत नाही त्याला गड चढायला लावतोस होय?" मग त्यांनी समजावले. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, ते इंजिनाच्याच तेलावर. तेल घाण असेल तर चाक जळते. हवा वाढली की पेट्रोलही त्या मापाने वाढवावे लागते, ठिणगीची वेळ बदलावी लागते, पाणी थंड राखावे लागते. आणि वेग वाढला तर ब्रेक कोण वाढवणार? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही.

शिक्षकबंधूंनो, मुलांचा उत्साह मोडू नका. तो मोडला तर ब्यूखी कुठून निघायचा? पण ब्यूखीने वीस वर्षे कळ काढली, हेही त्यांना सांगा. माझ्या विद्यार्थ्याने भंगारातला टर्बो विकत घेतला आहे; पण तो गाडीत नाही, टेबलावर आहे. तो उघडून, पुसून, पुन्हा जोडून शिकतो आहे. आणि साठवलेल्या पैशातून त्याने आधी गाडीचे इंजिन बांधून घेतले. परवा आईला घेऊन त्याच गाडीने तो तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आला. गाडी वाऱ्यासारखी पळाली नाही. पण वाटेत थांबलीही नाही.